दारावरचा डोळा कोणाच्या हातात?



गेल्या काही महिन्यांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न सारखा येतो आहे. पोरगा पुण्याला नाहीतर मुंबईला, घरी म्हातारी आई आणि लेकरे. तर दाराला ती कॅमेऱ्याची बेल बसवावी का, आणि बसवलीच तर घरातल्या वायफायला जोडायची कशी? मी या पत्रांना उत्तर दिले नव्हते. ज्या वस्तूचा स्क्रू आपण स्वतःच्या हाताने फिरवला नाही तिच्यावर लिहू नये, असा माझा जुना नियम आहे. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात पंचवीस वर्षे बसून मी एवढेच शिकलो. पण होळीच्या आठवड्यात बीडहून माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन आला आणि स्क्रू फिरवायची वेळ आली.

"अरे, त्या बेलीनं घरात भांडण लावलंय. तू ये बरं एकदा."

त्याच दिवशी भाच्याचाही फोन आला होता. त्याचे म्हणणे वेगळे होते. "मामा, बेल नेटवर्कला जोडली जात नाही. दोन आठवडे झाले, काही दिसत नाही. जरा बघून द्या." एकाच बेलीविषयी आई आणि मुलगा दोन निरनिराळ्या तक्रारी करत होते. सकाळच्या एस.टी.ने अंबाजोगाईहून निघालो, केज, मांजरसुंबा करत बीडला पोचलो.

आधी घरची परिस्थिती सांगतो. अक्काचे घर म्हणजे दोन खोल्या, वर स्लॅब, पुढे पत्र्याखालचा ओटा आणि लोखंडी दार. भाचा चाकणला एका कारखान्यात आहे, महिन्यातून एकदा येतो. सून आशा सेविका आहे. नात दहावीला. तिच्या अभ्यासासाठी भाच्याने जुना संगणक आणला, केबलवाल्याकडून फायबरचे इंटरनेट घेतले, आणि दिवाळीच्या सुट्टीत दाराला कॅमेऱ्याची बेल लावून तो चाकणला परत गेला. हेतू चांगला होता. अक्काचे गुडघे दुखतात, दारापर्यंत यायला तिला वेळ लागतो. त्यातच दुपारी गल्लीत कोणी कोणी "गॅस तपासायचाय" म्हणत घरात शिरतात. बेल वाजली की दारातला माणूस फोनच्या पडद्यावर दिसतो, बसल्या जागेवरून त्याच्याशी बोलता येते, दार उघडायचे की नाही ते ठरवता येते. म्हाताऱ्या माणसाला याहून सोयीची वस्तू कोणती?

पण पडदा कोणाच्या फोनचा? भाच्याच्या! अक्काकडे साधा बटणाचा फोन. सुनेकडे चांगला फोन आहे, पण तिच्या फोनवर बेलीचे ॲप टाकायचे भाच्याला सुचलेच नाही. म्हणजे बेल बीडला वाजायची आणि माणूस चाकणला दिसायचा. मग हा कारखान्यातून आईला फोन करायचा, "आई, भाजीवाली आहे, उघड." तोवर भाजीवाली पुढच्या गल्लीत!

इथपर्यंत हसण्यावारी नेण्यासारखे होते.

मी ओट्यावर उभा राहून बेल पाहिली. भिंगावर पांढरी चिकटपट्टी लावलेली होती, दवाखान्यात जखमेवर लावतात तसली. घरात विचारले, ही कोणी लावली? अक्का नातीकडे बघायला लागली, नात पुस्तकाकडे. शेवटी सूनच म्हणाली, "मी लावली, मामा."

तिने जे सांगितले ते असे. बेलीला नुसते बटणच नसते. समोर काही हलले की तीही आपणहून जागी होते, चित्र घेते आणि फोनला कळवते. ओट्यावरून सून बाहेर पडली की चाकणला फोन टिंग वाजणार. सकाळी सर्वेला निघाली, टिंग. दुपारी लसीकरणाला गेली, टिंग. एखादा बाप तापाची गोळी मागायला दारात आला, टिंग. सुरुवातीला नवरा कौतुकाने विचारायचा, "निघालीस का?" पुढे विचारायला लागला, "तो कोण होता? दहा मिनिटं काय बोलत होतात?" आणि माघ महिन्यात एका रात्री अडीच वाजता वस्तीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्या, तिला घेऊन ही जिल्हा रुग्णालयात गेली. बाळंतिणीसोबत जाणे हे आशाचे कामच आहे. सकाळी सातला घरी आली तर नवऱ्याचे अकरा फोन. "आत्याला सांगून गेले होते मामा. पण त्यांनी आत्याला विचारलंच नाही. त्यांनी कॅमेऱ्याला विचारलं." त्याच दिवशी तिने पट्टी लावली.

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्याकडे काय होते? म्हटले, आधी माझ्या अकलेचे काम करू. पट्टी काढली. तरीही चित्र येईना! म्हणजे भाच्याची तक्रारही खरी होती. बेल खरोखरच नेटवर्कवर नव्हती. आता हे जोडणीचे प्रकरण नीट सांगतो, कारण पत्रे पाठवणाऱ्या बहुतेकांची अडचण तीच आहे.

घरातले नेटवर्क म्हणजे काय? केबलवाल्याने बसवलेली अँटेनावाली पेटी, म्हणजे राऊटर, आणि तिला जोडलेली घरातली सगळी यंत्रे. संगणक, फोन, टीव्ही, आणि आता बेल. राऊटर प्रत्येकाला एक नंबर देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. हा नंबर घरातल्या घरात चालतो, बाहेर त्याला कोणी ओळखत नाही. जसे वस्तीत "तिसऱ्या बोळातलं दुसरं घर" म्हटले की आपल्याला कळते, पण पुण्याच्या पोस्टमनला त्याचा उपयोग नाही. हा नंबर मिळण्याआधी यंत्राला दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात, वायफायचे नाव आणि पासवर्ड. फोनवर त्या आपण बोटाने लिहितो. बेलीला ना पडदा ना बटणे, मग तिला सांगायचे कसे? काही कंपन्यांच्या ॲपमध्ये नाव आणि पासवर्ड लिहिला की फोनवर ठिपक्यांचा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड उमटतो. तो बेलीच्या भिंगासमोर वीतभर अंतरावर धरायचा, बेल तो वाचते. काही बेली थोडा वेळ स्वतःचेच छोटे वायफाय सुरू करतात. फोन त्याला जोडायचा आणि तिथून घरच्या वायफायची माहिती बेलीला द्यायची. एकदा सांगितले की बेल ते कायमचे लक्षात ठेवते.

ते लक्षात ठेवणेच इथे नडले होते. माघातच केबलवाल्याने जुनी पेटी बिघडली म्हणून नवी बसवली. नव्या पेटीचे नाव वेगळे, पासवर्ड वेगळा. फोन आणि संगणक नातीने पुन्हा जोडून घेतले. बेल मात्र ओट्यावर बसून जुन्याच नावाला हाका मारत होती. सांगायची गोष्ट अशी की, पेटी बदलली तर नव्या पेटीला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायला लावा. अक्षर न् अक्षर तेच, मोठी लिपी छोटी लिपी तीच. घरातली सगळी यंत्रे आपणहून परत येतात. केबलवाल्याला पाच मिनिटे लागतात, पण तो होऊन करत नाही, सांगावे लागते.

मी तसे केले. तरी बेल येईना! मग ध्यानात आले की नवी पेटी दोन पट्ट्यांवर बोलते. एक २.४ गिगाहर्ट्झ, दुसरी ५ गिगाहर्ट्झ, आणि दोन्हींना तिने एकच नाव दिलेले. घरगुती बेली बहुतेक २.४ वरच चालतात. लहरीची लांबी तिथे साडेबारा सेंटीमीटर भरते, ५ वर सहाच्या आसपास. लांब लहर भिंतीतून बरी जाते, आखूड लहर भिंतीतच दमते. फोन ५ वर आणि बेल २.४ वर अशी स्थिती असली की काही ॲप जोडणीच्या वेळी गडबडतात. उपाय सोपा आहे. पेटीच्या सेटिंगमध्ये जाऊन ५ ची पट्टी दहा मिनिटे बंद करायची, बेल जोडायची, मग ती पट्टी पुन्हा सुरू करायची. आणखी एक ठिकाण तपासावे. पेटीची सुरक्षा नुसती डब्ल्यूपीए ३ वर ठेवलेली असेल तर पुष्कळ बेलींना ती समजत नाही. डब्ल्यूपीए २ आणि ३ अशी मिश्र ठेवावी.

बेल जोडली गेली. पण चित्र तुटक! पूर्वी दूरदर्शनवर पाऊस पडायचा तसे. माझी अर्धी हयात अँटेना फिरवण्यात गेली, मला कारण लगेच दिसले. पेटी आतल्या खोलीत टीव्हीच्या मागे, मध्ये लोखंडी कपाट, पुढे लोखंडी दार. रेडिओलहरीला विटेपेक्षा लोखंडाचा त्रास जास्त. आपल्याकडची पत्र्याची घरे तर या बाबतीत फार वाईट, पत्रा लहर आरशासारखी परतवतो. ॲपमध्ये बेलीला किती सिग्नल मिळतो तो आकडा दिसतो, उणे चिन्हाचा. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत चालते, उणे ७५ च्या पुढे गेले की रडगाणे. अक्काकडे उणे ७८ होता. पेटी कपाटापासून हलवून खिडकीपाशी उंच फळीवर ठेवली, उणे ६१ झाला. फायबरची तार मात्र स्वतः ओढू नका, वाकवून मुडपू तर नकाच. आत काच असते. ते काम केबलवाल्याचे.

नातीचा संगणक त्याच नेटवर्कवर आहे, म्हणून एक काळजी घेतली. बहुतेक पेट्यांत पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय काढायची सोय असते. बेल त्यावर टाकली. तिथले यंत्र इंटरनेटवर जाऊ शकते, पण घरातल्या संगणकाला हात लावू शकत नाही. पेटीचा स्वतःचाही पासवर्ड असतो. "ॲडमिन" नावाचा, कारखान्यातून आलेला, गावभर सगळ्यांना ठाऊक असलेला तो पासवर्ड बदलून टाकला. ही उगाच भीती नाही. २०१६ साली मिराई नावाच्या एका विषाणूने जगभरातले असे कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे साठेक ठरावीक पासवर्डची यादी होती, तेवढीच. ज्यांनी कारखान्याचा पासवर्ड बदलला नाही त्यांचे यंत्र त्याच्या फौजेत भरती झाले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या फौजेने अमेरिकेतल्या डिन नावाच्या कंपनीवर हल्ला केला आणि तिकडच्या मोठमोठ्या वेबसाइटी काही तास बंद पडल्या. कोणाच्या तरी दारातला गरीब कॅमेरा त्यात सामील होता, मालकाला पत्ताही नव्हता.

दुपारी तीनला सगळे सुरळीत झाले. पण हे सगळे मी भाच्याच्या फोनवर ॲप चालवायला लावून, त्याच्याशी बोलत बोलत केले होते. आता पट्टी निघाली होती आणि बेल पूर्ववत चाकणला बघायला लागली होती. सून चुलीपाशी गप्प. मला वाटले, आपण दुरुस्ती केली की बिघाड?

इथे बेलीचा खरा मालक कोण हा प्रश्न येतो. लोकांना वाटते, ज्याच्या भिंतीवर ती त्याची. तसे नाही. बेलीचे चित्र ओट्यावरून निघते, राऊटरमधून बाहेर पडते आणि बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत आधी कंपनीच्या दूरच्या संगणकावर जाते. तिथून ते ज्याच्या नावाचे खाते असेल त्याच्या फोनवर उतरते. घरातला नंबर बाहेर चालत नाही म्हणून हा वळसा. स्वयंपाकघरातल्या सुनेने पाच पावलांवरच्या दाराचे चित्र बघायचे म्हटले तरी ते बहुधा बीडबाहेर जाऊनच परत येते. म्हणजे बेलीची मालकी विटेत नाही, खात्यात आहे. खातेदार ठरवतो कोणी बघायचे, केव्हा बघायचे, जुनी चित्रे ठेवायची की पुसायची. बाकीचे सगळे त्याच्या मेहेरबानीवर. आणि एका खात्यावरची बेल दुसऱ्या खात्यावर न्यायची तर पहिल्या खातेदारानेच ती आपल्या ॲपमधून "काढून टाका" म्हणावे लागते. चोरीच्या बेली विकल्या जाऊ नयेत म्हणून कंपन्यांनी अशी व्यवस्था केलेली असते. नुसते बटण दाबून धरले, बेल कोरी केली, तरी पुष्कळदा ती जुन्या धन्याला सोडत नाही.

म्हणून भाच्याला पुन्हा फोन लावला. म्हटले, बेल तुझ्या खात्यातून काढ, तुझ्या बायकोच्या फोनवर खाते उघडून तिच्या नावावर जोडू. तुला त्यात पाहुणा म्हणून घेऊ.

"मामा, पैसे मी दिलेत."

"दिलेस. पण दार कोण उघडतं?"

"मी काय संशय घेतोय का? काळजीपोटी विचारतो."

मी उत्तर देणार तेवढ्यात सुनेने फोन मागितला. आवाज न चढवता एवढेच म्हणाली, "काळजी वाटली तर मला फोन करा. मी उचलीन. नाही उचलला तर आत्याला करा. कॅमेरा सांगतो मी गेले म्हणून, का गेले ते सांगत नाही." पलीकडे बराच वेळ मशीनचा आवाज येत राहिला. मग भाचा म्हणाला, "सुट्टी झाल्यावर काढतो." संध्याकाळी साडेपाचला त्याने बेल काढली. त्याचे मन मोठे म्हणून काढली की मामा समोर आहे म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

रात्री एस.टी.त बसून मला एक जुनी बाई आठवत होती. दाराला कॅमेरा लावण्याची कल्पना कोणाची, हे पुष्कळांना ठाऊक नाही. ती न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, जमैका नावाच्या वस्तीत राहणारी एक काळी नर्स होती, मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन. तिचा नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ. दोघांच्या पाळ्या वेळी-अवेळी, त्यामुळे ती पुष्कळदा घरी एकटी असे. वस्तीत गुन्हे वाढलेले, आणि काळ्यांच्या वस्तीतून फोन केला तर पोलीस यायला उशीर. हा अनुभव आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. तेव्हा दोघा नवरा-बायकोने घरीच डोके चालवले. दाराला वरपासून खालपर्यंत चार झरोके, म्हणजे उंच माणूस असो की लेकरू, कोणीही दिसावे. आतून वर-खाली सरकणारा कॅमेरा. चित्र झोपण्याच्या खोलीतल्या टीव्हीवर. बोलण्यासाठी मायक्रोफोन. माणूस ओळखीचा असेल तर बटण दाबून बसल्या जागेवरून कडी काढायची, नसेल तर दुसऱ्या बटणाने धोक्याची सूचना द्यायची. १ ऑगस्ट १९६६ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, २ डिसेंबर १९६९ रोजी ते मिळाले. आजच्या बेलीत जे जे आहे ते जवळपास सगळे त्या कागदात आहे.

एक गोष्ट मात्र उलटी झाली. मेरीच्या घरात पडदा आत होता, दाराआडच्या बाईच्या समोर. अवेळी कामावरून येणाऱ्या नर्सने स्वतःसाठी बनवलेली वस्तू ती! आणि बीडमध्ये अवेळी बाळंतपणाला जाणाऱ्या आशाच्या दारावर ती बसली तेव्हा तिचे तोंड आमच्या भाच्याने, नकळत म्हणा हवे तर, तिच्याकडेच फिरवले.

हे एकाच घरात घडते असेही नाही. अमेरिकेत रिंग ही या बेलींची सर्वांत प्रसिद्ध कंपनी, २०१८ पासून ती ॲमेझॉनच्या मालकीची आहे. तिथल्या संघीय व्यापार आयोगाने २०२३ मध्ये तिच्यावर ठपका ठेवला की तिच्या एका कर्मचाऱ्याने २०१७ साली महिलांच्या घरांतल्या कॅमेऱ्यांची हजारो चित्रणे कित्येक महिने बघितली. प्रकरण मिटवताना कंपनीला ५८ लाख डॉलर द्यायला लागले. खाते नवऱ्याच्या नावाने असो की बायकोच्या, चित्र कंपनीच्या संगणकावर असते हे विसरू नये. म्हणून दाराबाहेर बेल ठीक, घराच्या आत कॅमेरा नको, असे माझे मत आहे. जिथे बेलीतच छोटे मेमरी कार्ड बसते तिथे तेच घ्यावे. दरमहा पैसे भरून कंपनीकडे चित्रे साठवायची गरज आपल्या घरांना नाही.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा संविधानाच्या कलम २१ खालचा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क शेजाऱ्यालाही आहे. अक्काच्या बेलीत समोरच्या घराचे दार आणि बायांची पाणी भरायची जागा पूर्ण दिसत होती. भिंग जरा कोनात वळवले आणि ॲपमध्ये तेवढ्या भागावर काळा चौकोन टाकला. समोरच्या काकूंना बोलावून फोनवर दाखवले, की तुमचे दार आता दिसत नाही. त्या म्हणाल्या, "एवढ्या दिवस दिसत होतं काय?" यावर काय उत्तर देणार!

आपोआप जागे होण्याची सोय सुनेने दिवसा बंद ठेवली. रात्री अकरा ते पाच सुरू, तीही तिला वाटेल तेव्हा बंद करता येते. नवऱ्याला पाहुणा म्हणून घेतले. बटण दाबले तरच त्याच्याकडे वाजते. तिच्या ॲपमध्ये अशी वाटणी करता आली. सगळ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये ती नसते, म्हणून बेल घेण्यापूर्वी दुकानात हे दाखवायला सांगा. बेल वाजली की अक्कालाही कळावे म्हणून घरात प्लगला लावायचा आवाजाचा डबा बसवला. ॲपवरचे माणूस बघायचे काम सून नसताना नात करते.

आता बसवणाऱ्यांसाठी एक धोक्याची गोष्ट. आपल्या घरातली जुनी टिंगटाँग बेल सरळ २३० व्होल्टवर चालते. या कॅमेऱ्याच्या वायरवाल्या बेली पुष्कळशा ८ ते २४ व्होल्टसाठी बनवलेल्या असतात, कारण तिकडे घरातल्या बेलीला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. जुन्या बेलीच्या वायरी उपटून नव्या बेलीला जोडल्या तर धूर निघेल, आणि ओल्या हाताने कोणी बटण दाबले तर जिवावर बेतेल. खोक्यावरचा व्होल्टचा आकडा वाचा. समजला नाही तर बॅटरीची बेल घ्या, किंवा वायरमनला बोलवा. आपल्या पोरांना यूट्यूब बघून सगळे येते असे वाटते, तो गैरसमज वेळीच काढा.

बेल बॅटरीवर चालली तरी वीज गेली की राऊटर बंद, आणि राऊटर बंद म्हणजे बेल आंधळी. राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा बॅटरीचा डबा मिळतो, तो दोन-चार तास काढतो. फायबरची पेटी आणि राऊटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही त्यावर घ्या, नाहीतर एकाचाच जीव वाचून उपयोग नाही. बीडचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. पश्चिमेच्या भिंतीवर बेल लावली तर आतली लिथियमची बॅटरी भाजून निघते. सावलीची बाजू, छातीइतकी उंची, म्हणजे चार फूट, ही जागा बरी.

१४ एप्रिलला भाचा जयंतीसाठी आला होता. दारात उभा राहून त्याने बेल दाबली. आतून आवाज आला, "कोण?" हा म्हणाला, "मी." "मी म्हणजे कोण?" अक्का सांगत होती की सुनेने सगळे हात धुऊन, पदर नीट करून मग सावकाश कडी काढली. नवरा-बायकोचे पुढे काय ठरले ते मी विचारले नाही.

गेवराई तालुक्यातल्या एका भगिनीने विचारले आहे की दसऱ्यानंतर आम्ही कोयत्यावर जातो, घरी सासू एकटी, वायफाय नाही, तर सिम कार्डाचा कॅमेरा लावावा का? ताई, तो मिळतो, सौर पट्टीचाही मिळतो. पण त्याला दरमहा रिचार्ज लागतो, तुम्ही फडात असताना तो संपला की कॅमेरा मुका. फडावर तुमच्या फोनला रेंज असेलच असेही नाही. सासूबाईंना आधी मोठ्या बटणांचा फोन द्या, शेजारच्या दोन घरांचे नंबर त्यात घाला, दाराला आतून साखळी आणि पन्नास-शंभर रुपयांचे झरोक्याचे भिंग बसवा. त्याला पासवर्ड नाही, रिचार्ज नाही, आणि त्यातून फक्त आतल्यालाच दिसते. कॅमेरा घ्यायचाच असेल तर हंगाम करून आल्यावर हातातल्या पैशातून घ्या, मुकादमाच्या उचलीतून नको. चैत्र-वैशाखात घरी असताना ऊन कोणत्या भिंतीवर येते तेही बघून होईल.